एका कौलाला दोन प्रश्न

विश्रामबाग, सांगली
शनिवार, ४ एप्रिल

प्रिय दादा,

संयूचा नमस्कार. या रविवारी तुम्हा रंगरुटांना फायरिंगला नेणार, म्हणजे तुझा फोन थेट पुढच्या रविवारी येणार. तोवर थांबले तर उशीर होईल, म्हणून पत्र. हसू नकोस. पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ आहे आणि अक्षर तसंच आहे, मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखं.

घरी सगळं ठीक. तांबडी व्याली, कालवड झाली. ऊस तुटून गेला. आईचा गुडघा ऊन तापलं की बरा असतो, त्यामुळे सध्या ती खुशीत आहे. बनुआत्या भेटली की अजून विचारते, "तत्वग्यान म्हंजी कीर्तन शिकिवत्यात व्हय गं?" मी व्हय म्हणून मोकळी होते.

मी मजेत आहे असं पुढे लिहिणार होते, पण नाही मी मजेत. मेसची पोळी तोंडात फिरत राहते.

पुढच्या वर्षासाठी मुख्य विषय निवडायचाय. आबांचं म्हणणं भूगोल घे, पोलीस भरतीचा अभ्यास त्यातच होतो. मला तत्त्वज्ञान हवंय. का हवंय, ते मात्र धड सांगता येत नाही. एकेक पान तीनदा वाचते, तरी कळलं म्हणायचा धीर होत नाही. वर्गातली बाकीची पोरं काय बोलतात रे! मी आपली वहीच्या कोपऱ्यात वेली काढत बसते.

तत्त्वज्ञानाच्या दीपमाला मॅडमनी मध्ये सांगितलं होतं, प्रत्येकानं आपला एक प्रश्न आणा, उत्तर नको. मी ऐटीत लिहून नेलं, "मनुष्य म्हणजे काय?" मॅडम म्हणाल्या, "छान. हा तुला कधी पडला? तेव्हा कुठे बसली होतीस?" मला सांगता येईना. त्या रागावल्या नाहीत. "हा पुस्तकातला झाला, तुझा सापडला की ये," एवढंच म्हणाल्या. माझा प्रश्न माझ्याजवळ होता, दादा. तो वर्गात सांगण्यासारखा नव्हता.

परवा सुट्टी म्हणून गावी गेले होते. आबांनी परस्पर ठरवलं होतं की पोरीच्या विषयाचा कौल लावायचा. मला हसू आलं. म्हणजे वर्षभर मी तर्कशास्त्र शिकायचं आणि माझा विषय कण्हेरीच्या पाकळ्यांनी ठरवायचा! पण आबांपुढे बोलणार कोण?

भैरोबाच्या गाभाऱ्यात हरिबा गुरवानं ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आबांनी गाऱ्हाणं घातलं, "पोरीनं ह्यो तत्वग्यानाचा इषय घ्यावा का न्हाई, सांग देवा." आणि आम्ही बसलो. दादा, मला ह्यावर विश्वास नाही असं मी वर्गात ठणकावून सांगितलंय, पण तिथं पापणीसुद्धा लवत नव्हती माझी. पाकळ्या हलायला तयार नाहीत. आई दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. पाकळ्या तिथंच.

शेवटी हरिबा आबांना म्हणाला, "सुभेदार, सवाल पोरीचा हाय. तिचा तिनं इचारावा. एका कौलाला एकच सवाल, ध्यानात ठेव गं." त्यानं पाकळ्या काढून नव्या लावल्या.

मी उभी राहिले, हात जोडले. विषयाचंच विचारायचं होतं, शपथ. पण तोंडातून निघालं, "देवा, दादाला परत यायचंय आणि मला तत्त्वज्ञान शिकायचंय. दोन्ही होईल का?"

होय, बोलून गेले. आबा शेजारीच उभे होते.

तू होळीच्या फोनवर म्हणाला होतास, "संयू, मला हितं न्हाई ऱ्हायाचं. तू भरतीत लागलीस तर घरात एक वर्दी ऱ्हाईल, मंग मला कसम परेडला शपत घ्यायच्या आत घरी याला तोंड ऱ्हाईल. आबास्नी सांगू नगंस." मी बरं म्हणाले. पणजोबापासून आपल्या घरात एक तरी वर्दी आहे, ती आता तुझ्या अंगावर राहील नाहीतर माझ्या. मी पुस्तक उघडलं की तू तिथं कवायत करताना दिसायचास. मला तुझा रागसुद्धा आला. का माझ्यावर टाकलंस रे?

हरिबा कपाळाला हात लावून म्हणाला, "दोन सवाल इचारलंस की गं! आता देवानं काय करावं?" आबांनी पुढे होऊन आपल्या हातानं दोन्ही पाकळ्या काढल्या. कुणी असं करत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरव. ह्ये देवाचं न्हवं, घरचं हाय."

घरी आल्यावर आबा पायरीवर बसले. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी खांबाला धरून उभी. तर मला म्हणाले, "त्याला तितं झोप लागती का?"

मी म्हणाले, "ठाव न्हाई, आबा."

"इचारलं न्हाईस?"

नव्हतं विचारलं, दादा. तुझा फोन आला की मी माझ्यापुरती घाबरायचे, तुला एकदाही विचारलं नाही.

मग आबा बराच वेळ कालवडीला खाजवत राहिले. उठताना म्हणाले, "रविवारचा फोन मी घेनार. त्याला सांगून ठेव. आन् तू तुजा इषय घे. वर्दी काय खुटीला टांगाया आणलेली न्हाई आपुन, कुनी तरी घालायाच पायजे म्हनून."

तर मी तत्त्वज्ञान घेतेय. कळेल का, निभेल का, पुढे काय, काही ठाऊक नाही. भीती आहे तेवढीच आहे. पण सोमवारी मॅडमना माझा प्रश्न सांगणार आहे. एकाच्या पायातला काटा दुसऱ्यानं आपल्या पायात घेतला, तर पहिला बरा होतो का? पडला तेव्हा कुठे होते, तेही सांगता येईल.

माझं ठरलं म्हणून तू तुझं ठरवू नकोस. राहायचं तर राहा, यायचं तर ये, पण तुझ्यासाठी. आबा काय म्हणतील मला माहीत नाही. आई म्हणते, ते दोन दिवस फोन सारखा चार्जिंगला लावतात. एक कर. त्यांनी विचारलं की नेहमीसारखं "समदं झकास हाय" म्हणू नकोस. शब्द मोडल्याबद्दल मला काय बोलायचं ते नंतर बोल, ऐकून घेईन.

झोप लागते का रे दादा?

तुझी, विचारून बसलेली,
संयू