विशाखाचा चेहरा

प्रिय संघपाल,

सप्रेम जयभीम. इतक्या वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस लेका, लग्नाची पत्रिका नाही आणि उसनंपासनंही मागत नाही. एसटीतून रिटायर झालो, चिखलीला घर केलं. गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. तू आला होतास तेव्हा माझा पोरगा प्रेमानंद पाळण्यात होता, आता तोच दोन पोरांचा बाप आहे.

मागच्या महिन्यात त्यानेच मोबाईल माझ्यापुढे धरला. मुंबईत चित्रांचा लिलाव होणार, त्यात आपल्या बुलढाण्याच्या संघपालचं काळ्या शाईतलं जुनं चित्र आहे, असं पेपरात आलं होतं. खाली ते चित्र आणि नाव, 'शेंगा सोलणारी मुलगी'. अरे, मी मोबाईल त्याच्या हातून ओढून घेतला. एक गुडघा वर, त्यावर हनुवटी टेकलेली, पुढ्यात तुरीच्या शेंगांचं टोपलं, फ्रॉकचा घेर मांडीखाली खोचलेला. तू दुसरबीडला आमच्याकडे आठ दिवस राहिलास तेव्हाची माझी लेक विशाखा. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही.

तेव्हाच तुला विचारलं होतं, काऊन बे, पोरीचे नाकडोळे कुठं गेले? तू म्हणालास, "चेहरा काढला तर ती तुझी एकट्याची राहील, भाऊ. असा सोडला की सगळ्यांची होते." मला कंडक्टरला त्यातलं काय कळणार? पण आपला दोस्त मोठा कलाकार होऊन राह्यला या कौतुकात मान हलवली, वर गावभर सांगत फिरलो. तू चित्र घेऊन मुंबईला गेलास. पुढच्याच साली तिच्या मेंदूत ताप गेला, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच पोर गेली. घरात तिचा फोटो एकही नव्हता. जयंतीला नवा फ्रॉक शिवला होता, पण स्टुडिओत ही गर्दी, म्हटलं पुढच्या वेळी काढू. हे सगळं तुला तेव्हा कळवलं होतं, तुझं पत्रही आलं होतं.

तुझी वहिनी, रेणुका, थंडीपासून खाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात आता घरीच ठेवा, म्हणजे काय ते तू समज. डोळ्यांनी अंधुक दिसतं. बाईने जन्मात कधी साडीसुद्धा तोंडाने मागितली नाही. आता एकच धोशा लावला, मरायच्या आधी विशाखाचा फोटो पाहिजे, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. मला ते मोबाईलमधलं चित्र आठवलं. इथं कुलदीप म्हणून फोटोवाला आहे, भला पोरगा. कुणाचं म्हातारं गेलं की त्याच्या आधार कार्डावरच्या फोटोला कोट-टाय चढवून मोठा करून देतो, लोक खूश. त्याला चित्र दाखवलं. म्हणाला, काका, याच्यात तोंडच नाही, पण टेन्शन घेऊ नका, ते कॉम्प्युटर बसवून देते. बसवलं. गोरीपान पोरगी, गालाला खळी, साबणाच्या जाहिरातीतली. मी म्हटलं, आमची सावळी होती रे. त्याने सावळी केली. मग मला खुर्ची दिली, जवळ बसवलं आणि विचारलं, "काका, नाक कसं होतं तिचं?"

संघपाल, मला सांगता आलं नाही. फ्रॉकचा रंग आठवतो, तिचं खोकणं आठवतं, मी ड्युटीवरून आलो की तिकिटाची पेटी ओढून घ्यायची ते आठवतं. नाक नाही आठवत. डोळे मोठे होते एवढंच बोललो, ते तर सगळ्याच लेकरांचे असतात. बाप आहे मी तिचा. तिथं खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी कुलदीपने आपल्या मनाने एक नाक बसवलं आणि फ्रेम करून दिली.

रेणुकाने ती फ्रेम छातीशी धरली. "आली व माय माही," म्हणाली, आणि हुंदके देत काचेवरून हात फिरवत राहिली. आता रोज तिच्याशी बोलते, जेवली का विचारते. नाक कसं होतं हे तिला कसं विचारू? विचारलं की तिला कळणार, ही आपली नाही. आणि माझी गत अशी की डोळे मिटले की आता ती कुलदीपची पोरगीच समोर उभी राहते. मनात जे थोडंफार धूसर उरलं होतं, तेही गेलं. माझी पोर दुसऱ्यांदा गेली रे, आणि या खेपेला मीच तिला नेऊन पोचवली.

म्हणून लिहून राह्यलो. चित्र मला नको, ज्याच्या नशिबात असेल तो घेईल. त्या दुपारभर आम्ही दोघं नवरा-बायको तुझ्या पाठीमागे उभे राहून कागदाकडे बघत होतो. तिच्याकडे बघत होतास तो तू एकटा. तिचा चेहरा काढून पाठव. पेन्सिलीने, पाठकोऱ्या कागदावर, कसाही. रेणुकाला दाखवणार नाही, ती तिच्या त्या लेकीजवळ सुखाने जाऊ दे. मला पाहिजे. आणि तुलाही आठवत नसेल, तर माझं मन राखायला दुसऱ्या कुणाचं तोंड काढू नकोस. नाही आठवत, असं सरळ लिही. मग रेणुकाच्या मागे तिचा चेहरा माहीत असलेलं या जगात कुणी उरणार नाही, एवढं तरी मला कळू दे.

तुझाच,
भाऊराव