जात्र्याची जबानी

शहादे, २ जून १९३४
धुळ्याहून लखोटा आला. सोळा तारखेला माझी चौकशी. तोरणमाळच्या बारा मुलांच्या नावांपुढे मी वहीत 'फोड आले', म्हणजे लस लागली, असं लिहिलंय, आणि त्यातलीच चार मुलं देवीच्या साथीत गेली. खुलासा करा म्हणे. काय करू? आठव्या दिवशी मुलांचे दंड बघायला मी घाट चढलोच नव्हतो. पायथ्याला झाडाखाली बसून रकाना भरला. एकोणीस वर्षं लस टोचतोय, फोड येतातच...

४ जून
हेडक्लार्क म्हणाले, "आधीच राजीनामा टाका. पेन्शन बुडेल, पण कागद तिथंच मिटेल. चौकशीत दोषी ठरलात तर खटला." सुटलो तर सगळंच शाबूत, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ठाऊक आहेच.
बायको भडकली. "राजीनामा देशात ते खासूत काय? तुमनी अब्रू चुल्हावर शिजाडू का?"

५ जून
इथं तरी खरं लिहावं. लसच बिघडली होती. कोरीटला साडूच्या मुलीचं लग्न, तीन दिवस. लसीच्या नळ्यांची पिशवी तापल्या पत्र्याखाली खुंटीला. गारव्याचं ओलं फडकं बदलायचं राहून गेलं, जिलब्या खायच्या राहिल्या नाहीत. लसीचा रंग बदललेला दिसला होता. नवी मागवली असती तर उशिराचा शेरा बसला असता. म्हणून तीच टोचली. हलकट आहे मी.

८ जून
जात्र्या डोंगर उतरून आला. माझा शिपाई, जातीनं पावरा. नऊ वर्षं लसीची पेटी त्याच्याच डोक्यावर. गेलेल्या चारांत त्याची नात बुधली. त्यालाही साक्षीला बोलावलंय. मला धसका हाच, की 'दादा आठव्या दिवशी आलेच नाहीत' म्हणून हा सांगणार.
तो उंबऱ्याशी बसला नि म्हणाला, "मन्ही चूक शे, दादा. तिसरा दिनले पाव्हना उना, मी कोंबडं कापं. देवी रुसी गयी. फोड उनात नही. मन्हामुये गावनी पोरे गयात."
टोचल्यावर आठ दिवस घरात देवी असते, मांस नाही, फोडणी नाही, हा त्यांचा नियम. दरवर्षी मीच बजावत आलो की पाळा रे बाबांनो. तेवढीच घरं शांत राहतात, कुणी कुरकुरत नाही.
"सायबले सांगसू," म्हणाला.
'तुझी चूक नाही' एवढे तीन शब्द पुरे होते. म्हणालो, "जे खरं वाटतं ते सांग." आणि चहा पाजला.

११ जून
आज त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, पेटी कधी उन्हात ठेवली होतीस का? बराच वेळ आठवत बसला. "ऱ्हायनी व्हई," म्हणाला. हाही गुन्हा घ्यायला तयार! मला हसू फुटलं.

१३ जून
राजीनामा लिहिला. अक्षर झकास. बुधलीच्या नावापुढचं 'फोड आले'सुद्धा असंच वळणदार आहे.
बायको : "तो स्वतः म्हनी ऱ्हायना ना? मंग तुम्हीन कसाले मरतस?"
तिचं म्हणणं मला आवडलं, हे लिहून ठेवतो.

१६ जून, धुळे
कचेरीची ओसरी. साहेब जेवायला गेलेत. राजीनामा खिशात, घामानं ओला.
जात्र्या शेजारी. ८ तारखेपासून फोडणीचं काही खाल्लं नाही म्हणतो, मांस नाही, मीठसुद्धा नाही. आता पाळतोय. त्याच्याकडं एकच भाकर होती. अर्धी मोडून दिली, "खाई ल्या, दादा." खाल्ली मी. अळणी होती.
कचेरीचा शिपाई सांगून गेला, साहेब आले की पहिला जात्र्या. हा आत्तापासूनच उठून उभा राहिला. मी त्याच्या पंच्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं, ते तीन शब्द सांगायला.
"काय दादा?" म्हणाला.
अजून माझ्याकडेच बघतोय.