बर्फाचं वाक्य

११ मार्च २००७, रविवार

आज टीव्हीवर हे दिसले. जानेवारीत गेलेला माणूस खांद्यावर दोरखंड टाकून हसत हसत आमच्या हॉलमध्ये. मी स्टुलावर बसले होते, ती उभीच राहिले.

प्रोग्राम तोच. तीन हिरो भंगार गाड्या घेऊन मुंबईहून लडाखला निघतात, वाटेत सारखं काहीतरी बिघडतं. नोव्हेंबरात बारवीच्या रस्त्यावर ओढ्यात शूटिंग होतं, त्यासाठी ह्यांची जीप घेतली आणि ह्यांनाही उभं केलं. घरी येऊन एवढंच बोलले, "गाडी अडकते, मी ओढून काढतो. बाकी टीव्हीवर बघ." आता बघतेय. टीव्हीवर यायच्या आधीच गेले. बदलापूरला कात्रपच्या जीपस्टँडवर गाडी धुताना छातीत कळ आली, झालं.

तर ओढ्यात गाडी अडकली. हिरो ओरडतोय, "अब तो मर गये!" आणि झाडीतून हे येतात. धोतर! डोक्याला लाल फेटा! कपाळावर हा एवढा टिळा! खाली अक्षरं, 'रामूभाई, गाँववाला'. अंबरनाथ पश्चिमचा माणूस, जन्मभर पँट-शर्ट, कसलं डोंबलाचं गाव. बिल्डिंगमधली सगळी जमलेली, कुणाला हसावं का रडावं कळेना. प्राजू माझ्या पायाला टेकून बसली होती. पोरगी नखं रुतवत होती, तिचं तिलाच भान नव्हतं.

गाडी निघाली. हे विचारतात, "कहाँ चले?" हिरो म्हणतो, बर्फ देखने. तर हे म्हणतात, "मेरी घरवाली को भी एक बार बर्फ दिखाने का है. बोलती बहोत है. बर्फ देखेगी तो दो मिनिट चुप बैठेगी."

सगळे हसले आणि लगेच गप्प झाले. माझ्याकडे बघायची कुणाची हिंमत नाही.

नंतर चहा आणि वाद. समोरच्या ब्लॉकमधले म्हणाले, गाडी अचानक अडकली तर कॅमेरा आधीच ओढ्याच्या पलीकडे कसा? मो. भा. (ह्यांचे थोरले भाऊ, मोठे भावजी, रोज पूर्ण लिहायला हात दुखतो) टिळ्यावरच अडकले. "छप्पन साली आपल्या बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि ह्या पोराच्या कपाळाला टिळा? सगळं बोगस आहे. एकूण एक."

एकूण एक.

१२ मार्च

झोप नाही. ह्यांनी मला बर्फाचं कधी म्हणजे कधी काढलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, माथेरानसुद्धा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. घरात बोलणं म्हणजे भाजी काय, प्राजूची फी भरली का, पाणी आलं का. बोलायचं खातं माझ्याकडे, ऐकायचं त्यांच्याकडे. आणि टीव्हीवर परक्या माणसाला सांगतात, बायकोला बर्फ दाखवायचाय.

म्हणजे मनात होतं? का त्या लोकांनी लिहून दिलं? हे मला कळायला पाहिजे. दुसरं काही नको मला.

१३ मार्च

कॅम्प पाचला कारखान्यात तोच विषय. आम्ही जीन्सचे धागे कापतो, तोंड मोकळंच असतं. मला बरं वाटावं म्हणून बायका म्हणत होत्या, "किती छान बोलले गं." तर कटिंगमास्टर मशीनमागून ओरडला, "अरे सब सेटिंग होता है भाभी. बीवी का जोक तो हर स्क्रिप्ट में डालते हैं."

मी म्हटलं, मास्टर, तुमच्या बीवीचा जोक तुम्ही घाला, माझ्या नवऱ्याचं मला बघू द्या.

नंतर मास्टर येऊन सॉरी म्हणाला. चांगला माणूस आहे. पण बोलला ते बरोबरच असेल तर?

१५ मार्च

आज एकदम आठवलं. नोव्हेंबरात धुण्यात ह्यांचा रुमाल निघाला होता, लाल डागाचा. मी केवढी बडबडले, पानबिन खायला लागलात की काय. हे काहीच बोलले नाहीत. टिळा पुसलेला होता तो. शूटिंग संपल्यासंपल्या पुसला असणार, आणि मो. भा. ऐकतील म्हणून घरी चूप.

मो. भा.ना सांगितलं.  म्हणाले, "पुसला ना? बरं." थोड्या वेळाने परत, "पण लावून घेतलाच कशाला?"

नाव खोटं, टिळा खोटा, धोतर खोटं. बर्फ तेवढा खरा कसा निघेल? सांगा कुणीतरी.

१७ मार्च

प्राजू सायबर कॅफेतून आली ती डोळे सुजवूनच. नेटवर ह्या प्रोग्रामचा ग्रुप आहे म्हणे, देशभरातली पोरं भांडतात, खरं किती आणि ठरवलेलं किती. आपल्या ओढ्यावर पानंच्या पानं. मी म्हटलं वाच.

एक म्हणतो, पाणी गुडघ्याएवढं पण नाही, ह्यात गाडी अडकते होय? दुसरा, जीपवाला ज्युनिअर आर्टिस्ट आहे, मी त्याला साबणाच्या जाहिरातीत बघितलाय. (साबणाच्या! हे लाइफभर माझ्याच साबणाने आंघोळ करत आले.) तिसरा, अनोळखी माणसाला बायकोबद्दल असं कोण सांगतं, रायटरने लिहिलंय. आणि एकाने, बंगलोरचा का कुठला, लिहिलंय की अख्ख्या एपिसोडमध्ये तेवढं एकच खरं वाटलं, बाकी फेक.

त्या बंगलोरच्या पोराचं भलं होवो.

मग कळलं की प्राजूनेही लिहिलं होतं, 'तो जीपवाला माझे पप्पा आहेत. ते वारले.' खाली एकाने उत्तर दिलं, 'और मैं उस गाड़ी का टायर हूँ.' त्यावर बाकीच्यांचे हसरे चेहरे.

मेल्यांनो. तुमच्या घरात कुणी मेलं नाही का कधी?

प्राजूला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, मी काय लिहिलं असतं तर त्यांना पटलं असतं?" मला तरी कुठे माहीत बाई.

२० मार्च

रिपीट दुपारचा. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग. शेठला सांगितलं तर म्हणाला, "इधर देख लो ना, जनरेटर है." जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातला टीव्ही लावला. मास्टरने स्वतः चॅनल शोधून दिलं आणि मागे जाऊन उभा राहिला.

ह्या वेळी मी गाडी बघितली नाही, हिरो बघितले नाहीत. नुसतं ह्यांचं तोंड. बर्फाचं बोलायच्या आधी उजवा हात वर जातो आणि कान खाजवतात. हे ह्यांचंच! हे कुणी शिकवलं नाही! मी ओरडलेच, बघा बघा.

सगळ्या म्हणाल्या, हो हो.

बसमध्ये विचार करत बसले. कान कधी खाजवायचे? लाजले की. पहिल्यांदा मला बघायला आले तेव्हा सगळा वेळ तेच. आणि खोटं बोलताना. "अगं पोचतोच आता" म्हणायचे तेव्हाही कानच. म्हणजे परत तिथेच.

२५ मार्च, रविवार

बदलापूरला गेले, कात्रपच्या स्टँडवर. भोईरला भेटायला. ह्यांच्या शेजारीच त्याची जीप लागायची, शूटिंगच्या दिवशी त्या लोकांचं जेवण त्याच्याच गाडीतून गेलं होतं. म्हणजे बघणारा तो एकटा.

ह्यांच्या जागेवर आता दुसरी जीप. मी तिकडे पाठ करून उभी राहिले.

"भोईर, खरं सांगा. ते वाक्य त्यांनी दिलं होतं का ह्यांचं स्वतःचं?"

"वैनी, मी व्हतो ना तिथं! कागद दिलेला त्याला. त्याच्यावर येगलाच काय होता, शेती-बिती. विलास दोन येळा चुकला. तिसऱ्या येळेला कागद दिला टाकून नि सोताच्या मनानं बोलला. डायरेक्टर बोलला, यही रखो."

रस्त्यातच बसले मी. भोईरने पळत जाऊन पाणी आणलं. रडून घेतलं पोटभर. येताना वडापाव घेतला प्राजूसाठी, किती दिवसांनी.

२६ मार्च

काल आनंदात लिहायचं राहिलं. हाच भोईर दवाखान्यात मला म्हणाला होता, "वैनी, शेवटी तुमचाच नाव घेतला त्यानं." आणि डॉक्टर म्हणाले होते, आणला तेव्हाच शुद्ध नव्हती. शिवाय ह्यांनी लग्न झाल्यापासून माझं नाव कधी घेतलंच नाही. 'अगं' आणि 'प्राजूची आई', ह्यापलीकडे उडी नाही. मेलेला माणूस एकदम नाव कुठून घेईल?

भोईरचा जीव चांगला. समोरच्याला रडू आलं की तो वाटेल ते बोलतो. स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे.

परत जाऊन विचारलं तर परत तेच सांगेल. अजून चार गोष्टी लावून सांगेल. कशाला जाऊ.

८ एप्रिल

दोन आठवडे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे. हे नाहीत. सकाळी दोन कप चहा टाकते, मग एक प्राजूला देते, तिला आवडत नाही, ती पिते.

मो. भा. आले. जयंती झाली की चॅनलला पत्र पाठवणार, विहारातल्या मंडळींच्या सह्या घेऊन. कच्चं लिहूनच आणलं होतं, आमच्या माणसाला टिळा लावला, नाव बदललं, हा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटा आहे.

मी म्हटलं, "भावजी, टिळ्याचं लिहा. नावाचं लिहा, मी पहिली सही करते. पण शेवटपर्यंत खोटा असं नका लिहू."

"का गं?"

"शेवटी ह्यांचं ते वाक्य आहे."

भावजींनी कान खाजवला. हुबेहूब. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "लहानपणी तो कुणाला काही मागायचा नाही. मनात ठेवायचा. मला नाही माहीत, सूनबाई. खरंच नाही माहीत." खोड लागलीय त्यांना सूनबाई म्हणायची, सासूबाई गेल्यापासून. मग कागदावरचा 'शेवटपर्यंत' शब्द खोडला. दोघं बसून रडलो. ह्यांच्या मातीलाही भावजी असे रडले नव्हते.

१३ एप्रिल

उद्या भीमजयंती. सकाळपासून घर धुतलं. प्राजूने निळ्या पताका लावल्या, पंचशील ध्वज इस्त्री केला. मी फ्रिज बंद करून फ्रीजर मोकळा करायला घेतला. सिंगल डोअरचा जुना फ्रिज, कॅम्प पाचमधल्या एका सिंधी माणसाने नवा घेतला तेव्हा आम्ही उचललेला. बर्फाचा थर हा एवढा चढतो, पोळीच्या उलथन्याने खरवडावा लागतो.

खरवडता खरवडता हात थांबला.

फ्रिज आणला त्या उन्हाळ्यात हे असेच खरवडत होते. मी मागे उभी राहून काहीतरी बडबड करत होते, तो प्लग हलतोय वगैरे. आणि ह्यांनी मूठभर बर्फ माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "घे, तुझं काश्मीर. आता दोन मिनिटं गप बस."

उलथनं हातातच राहिलं. खाली पाणी पाणी झालं.

झालं होतं ना असं? हातावर ठेवला होता हे नक्की. हाताला झोंबलं होतं, मी किंचाळले होते. काश्मीर म्हणाले होते, बहुतेक. पण 'दोन मिनिटं गप बस', हे तेव्हाचं का टीव्हीतलं? रोज तेच वाक्य डोक्यात घोळवते, आता कुठे संपतं नि कुठे सुरू होतं मलाच कळेना. सायबर कॅफेतली ती पोरं म्हणतील, बाई, हे तुम्हीच लिहिलंय.

१५ एप्रिल, रविवार

काल मिरवणुकीत होते, गर्दीत बरं वाटलं. मो. भा.नी सह्या घेतल्या. मीही केली, टिळ्याच्या ओळीखाली.

आज दुपारी जेवताना प्राजूला सांगितलं, फ्रिजचं. काश्मीर, गप बस, सगळं. सांगताना घाबरत होते, वेडी म्हणेल. म्हटलं, "झालं होतं का गं असं, का मला भास होतोय?"

तिने घास तसाच धरला. मग लगेच, माझं बोलणं पुरतं संपायच्या आधी म्हणाली, "हो आई! आठवतंय ना मला. माझ्यापण हातावर ठेवला होता पप्पांनी. मी रडले होते."

फ्रिज आला तेव्हा ती दीड वर्षाची होती.

मी म्हटलं, हो गं. तुझ्यापण ठेवला होता.