निरीक्षकसाहेबांचा बरोबर एक मीटर

प्रति,
मा. अधीक्षक,
जुगार व सोडत प्रतिबंधक कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : नजरेने कापड कापण्याच्या मदत-स्पर्धेवरील जप्ती उठविणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ज्यात आमच्या कात्रीला 'जुगाराचे साधन' म्हटले आहे.

महोदया,

मी शिंपी आहे. कायद्याशी माझा संबंध आजवर फक्त गणवेशांच्या मापापुरता आला. तरी भाषेतले उणेअधिक पोटात घालून पुढील हकिगत वाचावी.

१. माझे सासरे आमच्या दुकानाचे कटर. टेप न लावता कापड कापण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून येत्या सोमवारी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्या खर्चासाठी आम्ही स्पर्धा ठेवली : वर्गणी भरावी, नजरेने एक मीटर मांजरपाट कापावे, सर्वांत अचूक कापील त्याला आमच्याकडून एक शर्ट शिवून.

२. कोणीतरी तक्रार केल्यावरून आपले निरीक्षक आले. खात्री करण्यासाठी त्यांनी स्वतः वर्गणी भरून कापड कापले. टेप लावला, तर बरोबर एक मीटर, सुताचाही फरक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला : 'मी जन्मात कात्री धरलेली नाही, सबब हे कौशल्य नसून निव्वळ नशीब आहे, व नशिबावर पैसे लावणे हा जुगार होय.' वर्गणीची पेटी, कात्री, टेप, कापड, सगळे जप्त झाले. बक्षीस म्हणून मी त्यांच्या शर्टाचे माप घेऊ लागलो, तो लाच देण्याचा प्रयत्न ठरला. हा जुगारच असेल तर पैसे लावून जिंकलेले पहिले आरोपी निरीक्षकसाहेब आहेत, पण यादीत त्यांचे नाव नाही.

३. नशीब पुन्हा पुन्हा साथ देत नाही, असे मी सुनावणीत म्हणालो. त्यावर आपल्या आदेशाने साहेबांनी कार्यालयाचे पडदे तीनदा कापले. तिन्ही वेळा बरोबर एक मीटर. निकाल आला की, इतके बलवत्तर नशीब अधिकच संशयास्पद आहे.

४. मध्यंतरी आपल्या शिपायाने जप्त तुकड्यांवरची स्पर्धकांची खडूने लिहिलेली नावे डाग समजून सगळे तुकडे धुतले. कोरे मांजरपाट धुतले की आटते, हे शिंप्याच्या घरचे शेंबडे पोरही सांगेल. आता पत्र आले आहे की एकही तुकडा मीटरभर नाही, म्हणजे कोणीच जिंकले नाही, म्हणजे बक्षिसाचे आमिष खोटे. जिंकले तर जुगार, हरले तर फसवणूक. आम्ही जायचे कुठे?

५. निरीक्षकसाहेब हल्ली कचेरी सुटल्यावर रोज दुकानात येतात. "चौकशी चालू आहे," म्हणतात आणि दोन-चार शर्ट-पँटी कापून जातात. काल साहेबांनी कापलेली बाही सासऱ्यांनी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "या माणसाला कचेरीत कशाला कोंबलंय?" मी अकरा वर्षे त्यांचा जावई आहे. माझ्या कापण्याबद्दल त्यांनी कधी बरा शब्द काढलेला नाही. मला वाईट वाटले, हे नमूद करतो.

तरी सोमवारपूर्वी पेटी परत मिळावी. पेटी नाही तर शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रिया नाही तर दुकानाला कटर नाही. नियमात बसत नसल्यास पेटी आपल्याकडेच राहू द्यावी, आणि निरीक्षकसाहेब आम्हाला द्यावेत.

आपल्या निर्णयापुढे मान तुकवणारा,
(सही)
कटरांचा जावई, शिंपी

दिनांक : शुक्रवार, दुपार
सोबत : डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी.