उतरणीच्या पहिल्या लॉकातला दोर

मी, झेली कोद्राँ, माहेरची तिसराँ, वय साठ, मालवाहू बोट 'कॉन्स्तांस'ची मालकीण आणि चालक, राहणार त्याच बोटीवर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शाळेत सिस्टरांनी पट्ट्या मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं. आज मी डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वेगळं दिसलं तरी कोणी शंका घेऊ नये, माझा खरा हात हाच आहे.

डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं सांगता येत नाही, येत्या गुरुवारी दिजाँच्या दवाखान्यात ते उघडून बघणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "बाई, काळजीचं काही कारण नाही." पण हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते, आणि तेव्हापासून मला झोप नाही. आज एक मे, कामगार दिनाची सुट्टी, कालव्यावरची सगळी लॉक, म्हणजे बोटींना पाण्याबरोबर वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, बंद. बोट बोगद्याच्या पुढे, साओन नदीकडच्या उतरणीच्या पहिल्या लॉकाशी बांधून ठेवली आहे. लिहायला वेळ आहे आणि घाबरायलाही.

पहिलं कलम. बँकेतली शिल्लक, पलंग, शिवणयंत्र आणि जिरेनियमच्या कुंड्या माझी मुलगी जिस्लेन हिला. सात वर्षांची असताना तिला बोटवाल्यांच्या मुलांच्या वसतिगृहात सोडलं, ती कायमची जमिनीवरची झाली. "आई, पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणते, आणि मी बहुतेक वेळा विसरते. त्याबद्दल तिची माफी मागते. जिस्लेन, जिरेनियमला रोज पाणी घालू नकोस गं.

दुसरं कलम. माझा धुक्यात वाजवायचा भोंगा 'सेंत-आन' बोटीच्या नोर्बेर लाफोर्जला द्यायची फार इच्छा होती. १९६१ साली धुक्याचा फायदा घेऊन तो रांगेत माझ्या पुढे घुसला आणि मला आख्खी रात्र लॉकाबाहेर काढावी लागली. पण नोर्बेर या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे. वाचला.

तिसरं कलम बोटीचं. ते तीनदा लिहून फाडलं. आता जसं जमेल तसं लिहिते.

'कॉन्स्तांस' बोट, तिचं इंजिन, सगळे दोर, आकडीची काठी आणि पुढच्या टोकाशी टांगलेली कुऱ्हाड मी माझा भाऊ एमिलियाँ तिसराँ याला देते. तो याच पहिल्या लॉकाचा राखणदार आहे, आणि लॉकाशेजारच्या घरात राहतो. त्रेचाळीस वर्षांत त्याने या बोटीवर पाऊल ठेवलेलं नाही. कारण सगळ्यांना वाटतं ते असं, की १९३६ साली त्याच्या हातून आमचे वडील गेले.

ते त्याच्या हातून गेले नाहीत. माझ्या हातून गेले.

लॉकात चढताना पाणी बोटीला वर उचलतं, दोर सैल पडत जातो, तो बांधून ठेवला तरी चालतं. उतरताना बोट पाण्याबरोबर खाली जाते, म्हणून दोर कधीही बांधायचा नाही, खुंटीला वेढा देऊन हातात धरायचा आणि सोडत राहायचं. बोटीवरचं शेंबडं पोरही हे जाणतं. मीही जाणत होते. पण आम्ही आठवडाभर नुसते चढत होतो, एकामागून एक सत्तर लॉक, आणि सत्तर वेळा मी दोर बांधला होता. मग बोगदा आला, आणि बोगद्यापलीकडे हे लॉक. पुढचा दोर एमिलियाँचा होता. तो दरवाजे लावायला काठावर उतरला आणि म्हणाला, "झेली, जरा धर गं." तेवढ्यात मागून बाबांनी हाक मारली, "पोरी, कॉफी ठेव की!" मी खुंटीला पक्की गाठ मारली आणि स्वयंपाकघरात गेले.

पाणी उतरू लागलं. दोर ताणत गेला, बोटीचं पुढचं टोक लटकलं, बाबा मागून धावत पुढे आले. एमिलियाँने काठावरून बोटीवर उडी मारून दोर तोडायला कुऱ्हाड उचलली. त्याने घाव घालायच्या आधीच दोर तुटला आणि त्याचं टोक बाबांच्या छातीवर बसलं. ते बोट आणि भिंत यांच्यामध्ये पडले. मी बाहेर आले तेव्हा सगळे एमिलियाँच्या हातातल्या कुऱ्हाडीकडे बघत होते, दोर त्यानेच तोडला असं धरून. आई त्याला म्हणाली, "बापाला खाल्लंस! या बोटीवर परत पाऊल टाकू नकोस." तो माझ्याकडे बघत होता. मी गप्प बसले. सतरा वर्षांची होते, पण गप्प बसण्याची लाज सतराव्या वर्षीही कळते.

त्यानंतर वर्षातून आठ-दहा वेळा तरी या लॉकातून उतरले. दर वेळी एमिलियाँ काठावरून वाकून विचारतो, "गाठ नाही ना मारलीस, बये?" आणि मी खालून ओरडते, "तू आपले दरवाजे बघ!" ते टोमणेच आहेत असं मी धरून चालले. खालचे दरवाजे उघडेपर्यंत मी खुंटीवरून नजर काढत नाही. नवरा असताना काढत नसे, तो गेल्यावरही नाही, आज बोट उभी असतानाही दोनदा जाऊन खुंटी बघून आले.

कॉफीची निळी किटली कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर पुरावी. त्या दिवसापासून बोट लॉकात असताना मी कधीही कॉफी ठेवलेली नाही.

चौथं कलम. एमिलियाँने बोट नाकारली तर ती जिस्लेनकडे जावी, पण भंगारात काढू नये.

पाचवं कलम लिहायचं नव्हतं. हा कागद पाकिटात घालून मी गेल्यावर उघडायला सांगणार होते. पण मेल्यावर कबूल करायला काही लागत नाही, शिव्या ऐकायला तिथे आपण नसतो. म्हणून नोर्बेरला सांगितलं आहे, की दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी राहू दे आणि हे कागद आत्ता लॉकाच्या घरी नेऊन एमिलियाँच्या हातात दे. दुसरा साक्षीदार नंतर कोणीही मिळेल, पण आधी त्याने वाचावं. नोर्बेर निघाला की मी दार लावून बसणार. 

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि खरा आहे.

ठिकाण: 'कॉन्स्तांस' बोट, लाँग्रच्या पठारावर, पहिल्या लॉकाच्या वर
दिनांक: १ मे १९७९
सही: झेली कोद्राँ

साक्षीदार पहिला: नोर्बेर लाफोर्ज. मजकूर वाचलेला नाही. पण भोंग्याबद्दल काही लिहिलं असेल तर त्या दिवशी खरंच धुकं होतं.

साक्षीदार दुसरा: एमिलियाँ तिसराँ. सगळं वाचलं. साक्षीदाराला काही मिळत नाही हे वाचूनच सही करतोय, बोट जिस्लेनला जाऊ दे. तुटलेल्या दोराची गाठ खुंटीवरच राहिली होती. डाव्या हाताची होती. आई पुढे यायच्या आत सोडवून कोटात लपवली, नंतर चुलीत टाकली. पोर होतीस तू, तुझं कसं झालं असतं? दर खेपेला विचारत होतो, एकदा तरी 'हो, तेव्हा मीच मारली होती' म्हणशील म्हणून. ही सही बोटीवर, तुझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर केली आहे. दार लावलंस तरी कडी अजून बाबांच्या वेळचीच आहे, बाहेरून उघडते. उद्या सातला दरवाजे उघडतील. पुढचा दोर मी धरतो. तू कॉफी ठेव.