अंगठ्याच्या मापाचा कंट्रोलर

माधवनगर,
रविवार सकाळ

अख्तरबी खालांना मतीनचा अदबीने सलाम.

तुमचे गुडघे या थंडीत कसे आहेत? लोणंदला गारठा जास्त, तेव्हा पहाटे ओट्यावर बसत जाऊ नका. इकडे अम्मीची साखर आटोक्यात आहे, पण अब्बांचा राग नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (पुरं केलं तरी त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, हेही खरं).

तर खाला, मी डीजेचं काम करतो हे तुम्हाला माहीत आहे, पण नेमकं काय करतो हे घरात कुणालाच माहीत नाही. परवापर्यंत मलाही नव्हतं. माझ्यासमोर दोन तबकड्या फिरतात, पण त्यांच्यावर गाणं नसतं. असते नुसती एक कर्कश शिट्टी. ती ऐकून लॅपटॉपला कळतं की माझा हात तबकडी कशी फिरवतोय, आणि त्याच्या पोटातलं गाणं तो तसं वाजवतो. गाणी निवडायला आणि सुरू करायला बाजूला बटणांची एक डबी लागते, तिला कंट्रोलर म्हणतात. मला ती पिशवीत मावणारी हवी होती. एवढ्या गोष्टीत माझे पाच महिने गेले.

पहिला कंट्रोलर फोटो बघून मागवला. खोक्यातून पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या निघाल्या. पोरगा सुधारला, आता कव्वाली शिकणार, असं अब्बांनी मशिदीबाहेर चौघांना सांगितलं. (तो परत करायला मी मागच्या दाराने गेलो.) दुसऱ्या वेळी शहाणपणा केला आणि सगळ्यात लहान तोच निवडला. साबणाच्या वडीएवढा. बटणं इतकी चिकटून, की अंगठा एकावर ठेवला की शेजारच्या दोघांनाही बोलावणं जायचं.

तो घेऊन मी तुमच्याच लोणंदला गेलो, सुभेदार लालासाहेबांच्या साईराजच्या लग्नाला. (तुम्ही तेव्हा पाचगणीला होता, अल्लाची मेहेरबानी.) नवरा-नवरी हॉलच्या दारात आले, मी गाण्याचं बटण दाबलं आणि शेजारचंही दाबलं गेलं. लॅपटॉपने अंग काढून घेतलं, आणि तबकडीवरची शिट्टी थेट स्पीकरमधून बाहेर पडली. नवरीने कान झाकले. लालासाहेबांनी तीस वर्षं फौजेत काढलेली. त्यांनी हल्ल्याचा भोंगा समजून व्याह्यांना दंडाला धरून खाली बसवलं. मी घाबरून उरलेली सगळी बटणं दाबली, तशी शिट्टीला आणखी धार चढली.

तेव्हा स्पीकर भाड्याने देणारी मुलगी पुढे आली. रुक्सार, स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली. तिने एक वायर उपटली आणि हॉल शांत झाला. मग मला विचारलं, "तुमी दाबलं काय, आन् दाबायचं हुतं काय?"

खाला, इतका नेमका प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पुढचा सोहळा तिने स्वतःच्या मोबाइलवर पार पाडला, आणि जाताना लोक मला म्हणाले, चांगलं सावरलंस.

जेवणं झाल्यावर तिने पुठ्ठ्यावर माझा अंगठा ठेवून दोन्हीकडून पेन्सिलीने रेघा मारल्या. म्हणाली, फिरवायला तबकड्या आहेत, मग वर फिरती चाकं असलेले कंट्रोलर कशाला बघत बसता. आठ बटणं पुरेत, दोन बटणांत या अंगठ्याएवढी जागा पाहिजे, आणि वीज लॅपटॉपमधूनच मिळाली पाहिजे. मी शंभरेक व्हिडिओ पाहिले होते, अंगठ्याचं कुणी बोललं नव्हतं. तिने निवडलेला कंट्रोलर आला. गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका साखरपुड्यात तीन तास वाजवलं, एकही चूक नाही. (एक झाली, पण लोक जेवत होते.)

तब्येतीला जपा, औषध चुकवू नका.

तुमचा,
मतीन

ता.क. एवढं सगळं कंट्रोलरसाठी लिहिलं नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. रुक्सारचं घर तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. तिच्या अब्बांकडे माझ्यासाठी बोलायला जाल का? तिचा होकार आहे. मी विचारायला तीनदा लोणंदला गेलो आणि तीनदा वायर विकत घेऊन परतलो. चौथ्या वेळी तीच म्हणाली, "वायरच न्यायची हाय, का आणखी काय बोलायचंय?"

आणखी एक ता.क. तिची एकच अट आहे: आमच्या लग्नात मी एकाही बटणाला हात लावायचा नाही. मी कबूल केलंय. तिच्या अब्बांना ही अट आधी सांगा, माझा धंदा नंतर.