तळ्याच्या कडेचा लाल तुकडा

ता. ९ ऑगस्ट

सौ. धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, शेजारीण त्याहून जास्त.

तुझी खुशाली मला वरून कळते. दर पाच दिवसांनी उपग्रह तळ्यावरून जातो, चित्र कुणालाही बघता येतं. त्यात तुझं घर म्हणजे दीड ठिपका. सकाळी चहा घेऊन मी तो शोधते. परवा नेमका ढग आला. दिवसभर चैन पडलं नाही. दुसरं वाट बघण्यासारखं घरात काही नाही.

काल आमच्या जुन्या नकाशा-ऑफिसात गेले होते. तिथला नवा साहेब, माझ्याच हाताखाली शिकलेला, मलाच ऐकवतो, "मॅडम, तळ्यात घरं बांधणारे सगळे अतिक्रमणवाले. पाडायलाच हवीत."

म्हटलं, "जिभेला काही हाड? त्यांनी सरकारी नकाशा बघून जमीन घेतली."

"मग नकाशाच खोटा. कोणी केला, बघतो."

बघ म्हटलं.

मीच केला, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. उपग्रहाच्या त्या चित्रांत हिरवळ लाल दिसते. तळ्याचा पूर्वेचा कोपरा, जिथे आज तुमची घरं आहेत, लालभडक होता. मी 'शेतजमीन' लिहिलं. ते शेत नव्हतं, पाण्यावर माजलेली जलपर्णी होती. शंका आली तर जागेवर जाऊन पाहायचं, असा नियम. ड्रायव्हर गाडी काढून उभा होता. मी म्हणाले, "चिखलात कोण जाणार? मला इथून दिसतंय."

शंका आली होती, धाकटे.

पुढे तू विचारलंस, "ताई, जमीन पक्की ना?" मी म्हणाले, "माझी सही आहे." आणि घरात पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा? "गवंडी स्वस्तातला बघितला असशील." त्याच आठवड्यात मी जुनी चित्रं काढून पाहिली. कळलं. त्याला सहा वर्षं झाली.

सोमवारी तुमच्या घरांची सुनावणी आहे. मी हे सगळं सहीनिशी लिहून देणार. घर वाचेल असं नाही. पण तुम्ही चोर ठरणार नाही. ऑफिसातले मला काय म्हणायचं ते म्हणोत.

कॉन्व्हेंटात दिवसातून दहादा 'सॉरी' म्हणवून घ्यायचे. तो शब्द माझ्या तोंडी कधी खरा झालाच नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

आलीस तर मागच्या बाकावर बस. समोर दिसलीस तर मी पुन्हा काहीतरी तोडून बोलेन. पण ये.

तुझी,
न बघता सही करणारी ताई